न्यायाधीशाची बदली कोणाच्या हातीं?

पळस्प्याहून चौक, खालापूर, खोपोलीवरून बोरघाटाकडे जाणारा रस्ता कर्जत-खालापुराकडील आमच्या व्यापारी वाचकांच्या पायांखालचा आहे. तें पळस्पें इ. स. १८७९ च्या मे महिन्यांत वासुदेव बळवंत फडके यांच्या टोळीनें लुटलें. फडके जवळच्याच शिरढोणचे. त्याच महिन्यांत पुण्यास बुधवारवाडा व विश्रामबागवाडा यांस आगी लागल्या, आणि सरकारचा संशय भलत्याच माणसावर गेला. महादेव गोविंद रानडे यांस पुण्याच्या सबजज्जाच्या जागेवरून १८७८ सालींच नाशकास धाडलें होतें. आतां त्यांस धुळ्यास जाण्याचा हुकूम झाला. आरोप नाहीं, चौकशी नाहीं, हुकूम तेवढा आला!

रानड्यांचा दरोड्यांशीं कांहीं एक संबंध नव्हता. सार्वजनिक सभेस ते सल्ला देत, व त्या सभेनें १८७६-७७ च्या दुष्काळांत रयतेची हकीकत सरकारपुढें मांडली, एवढाच काय तो अपराध. पुढें फडक्यांचें वकीलपत्र सभेचेच गणेश वासुदेव जोशी यांनीं घेतलें. वकिलाची बदली करतां येत नाहीं, हें किती बरें आहे!

रानड्यांनीं तो अपमान मुकाट्यानें सोसला, आणि १८९३ सालीं तेलंगांच्या मागें ते हायकोर्टाचे न्यायाधीश झाले. त्यांच्या शांतपणाची स्तुति पुष्कळांनीं केली आहे. आम्हांस तेवढ्यानें समाधान होत नाहीं. सर्वच न्यायाधीश रानडे नसतात. साध्या संसारी न्यायाधीशास सरकारविरुद्धचा निकाल लिहितांना बायकामुलांची बिऱ्हाडें आठवतात, आणि नुकसान होतें तें दारांत उभ्या असलेल्या पक्षकाराचें.

१९५० च्या राज्यघटनेच्या २३५ व्या कलमानें खालच्या न्यायालयांवरील ताबा उच्च न्यायालयाकडे गेला; कर्जत-खालापूरच्या न्यायाधीशास आज मंत्र्याच्या मर्जीनें हलवितां येत नाहीं. वरच्या पायरीवर मात्र घोंटाळा उरला. आणीबाणींत, १९७६ सालीं, उच्च न्यायालयांचे सोळा न्यायाधीश बदलले गेले. पैकीं गुजराथचे सांकळचंद शेठ न्यायालयांत जाऊन भांडले. पुढें १९९३ च्या निकालानें हें काम वरिष्ठ न्यायाधीशांच्या मंडळाकडे आलें खरें. परंतु 'न्यायदानाच्या सोयीसाठीं' यापलीकडे बदलीचें कारण लोकांस क्वचितच कळतें. हें कारण लेखी असावें, आणि ज्याची बदली व्हावयाची त्यास तें आधीं दाखवून त्याचें म्हणणें ऐकून घ्यावें, अशी आमची मागणी आहे. रानड्यांस १८७९ सालीं यांतलें कांहींच मिळालें नव्हतें.