काळ्या ठिपक्याचा हिशेब

महाडहून पोलादपूर काही लांब नाही. पण त्या दुपारी एस.टी.त बसलो आणि रस्ता सरता सरेना. मावसबहिणीच्या घरी रडारड चालली होती. वर्षापूर्वी मुंबईला तिच्या थायरॉइडच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झालेली. आता आयोडीनच्या स्कॅनमध्ये खांद्याजवळ काळा ठिपका दिसला, असा भाच्याचा फोन आला होता. ‘हाडात उतरला,’ हे निदान घरच्यांनीच करून टाकले.

संध्याकाळी दुसरा फोन आला. डॉक्टरांनी तिला अंग धुऊन, लुगडे बदलून पुन्हा यंत्राखाली घेतले, तर ठिपका नाहीसा! तिने पदराने तोंड पुसले होते. ठिपका लाळेचा होता.

थायरॉइडच्या पेशी आयोडीन ओढून घेतात. म्हणून किरणोत्सारी आयोडीन-१३१ दिले की मागे राहिलेल्या पेशी कॅमेऱ्यात दिसतात. पण ते आयोडीन लाळेत, घामात, लघवीतही उतरते. अशा फसव्या ठिपक्यापायी एखाद्याला विनाकारण मोठा डोस मिळू शकतो.

उलटही घडते. महाडच्या आमच्या एका शेजाऱ्यांचा स्कॅन कोरा आला. पेढे वाटले गेले. रक्तातले थायरोग्लोब्युलिन मात्र चढत होते. काही कर्करोगपेशी आयोडीन ओढणेच सोडून देतात. शिवाय सी.टी. स्कॅनच्या वेळी टोचलेल्या औषधात, समुद्राच्या मासळीत, आयोडीनयुक्त मिठातही आयोडीन असते. शरीर त्यानेच भरलेले असेल, तर तपासणीचे आयोडीन घेणार कोण? कोकणी माणसाला आठवडा-दोन आठवडे सुकट-बोंबील वर्ज्य म्हणजे शिक्षाच. पण ती भोगायला हवी.

माझी उमर बँकेत गेली. एका नोंदीवरून आम्ही कुणाचे खाते बुडीत ठरवले नाही, आणि बेरीज जुळली म्हणून तपासणीही सोडली नाही. व्हाउचर काढून पाहिले. इथेही तेच करावे. टी.एस.एच. पुरेसे वाढले होते का? थायरोग्लोब्युलिन आणि त्याविरुद्धच्या अँटिबॉडीज काय सांगतात? ठिपका नेमका कुठे आहे, हे स्पेक्ट-सी.टी.वर पाहिले का? एवढे तरी डॉक्टरांना विचारावे.

परळला भाभा अणुसंशोधन केंद्राचे रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३ साली सुरू झाले. म्हणजे ही विद्या आपल्याकडे साठ वर्षांहून जुनी आहे. तरी अहवाल हाती देताना समजुतीची दोन वाक्ये बोलायला आमच्या डॉक्टरमंडळींना अजून सवड होत नाही. ती त्यांनी काढावी. आणि आपण, वाचकहो, ती ऐकेपर्यंत रडूही नये, पेढेही वाटू नयेत.