डोळ्यांपुढील अंधारी

हल्लीं पुष्कळ घरांतील तरुण मंडळी संगणकावर लढाऊ विमान चालविण्याचा खेळ खेळतात. त्यास सिम्युलेटर असें म्हणतात. ‘डीसीएस वर्ल्ड’ अथवा ‘आयएल-२ स्टुर्मोव्हिक’ यांसारख्या खेळांत शत्रूच्या पाठीमागें शिरण्याकरितां दांडा जोरानें ओढला कीं पडदा कडांकडून काळवंडूं लागतो, व ऐन मोक्याच्या क्षणीं सर्वत्र काळोख होतो. मुलें चिडतात, खेळास दोष देतात, आणि कांहीं जण तर ही योजनाच बंद करून टाकतात. आमच्या मतें हें करणें म्हणजे पुस्तकांतील मुख्य धडाच फाडून टाकण्यासारखें आहे.

याचें कारण पाहूं. भूमीवर आपणांस जो भार जाणवतो त्यास १ जी म्हणतात. ६ जीच्या वळणांत ७० किलोंचा मनुष्य जणूं ४२० किलोंचा होतो. त्याचें रक्तही त्याच प्रमाणांत जड होतें, व हृदयापासून सुमारें ३० सेंटिमीटर उंचीवर असलेल्या मस्तकापर्यंत तें चढविणें हृदयास साधत नाहीं. नेत्रगोलांत स्वतःचा थोडा दाब असल्यामुळें डोळ्यांचा रक्तपुरवठा प्रथम तुटतो, मेंदूचा मागाहून. म्हणून आधीं रंग फिके पडतात, मग नळींतून पाहिल्याप्रमाणें दृष्टि आकुंचित होते, नंतर अंधारी आणि शेवटीं मूर्च्छा. स्वस्थ बसलेल्या मनुष्यास बहुधा ४ ते ५ जीच्या सुमारास ही अंधारी येते.

परंतु हा इशारा नेहमींच मिळतो असें नाहीं. डोळे व मेंदू यांजवळ प्राणवायूचा सांठा अवघ्या कांहीं सेकंदांचा असतो. भार एकदम वाढविला तर तो सांठा संपतांच अंधारीवांचूनच मूर्च्छा येते. पुढें सुमारें १५ सेकंद बेशुद्धि, व जवळजवळ तितकाच काळ भ्रमिष्टावस्था. ताशीं ९०० किलोमीटर वेगाचें विमान तेवढ्या अवधींत साडेसात किलोमीटर जातें! खरोखरीचे कित्येक वैमानिक याच रीतीनें प्राणांस मुकले आहेत.

त्यांच्याकरितां उपायही निघाले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत कॅनडाच्या विल्बर फ्रँक्स यांनीं पाय व पोट आंवळणारा, पाण्यानें भरलेला पोषाख सिद्ध केला. आज तो हवेनें फुगतो. शिवाय वैमानिक पायांचे व पोटाचे स्नायु ताठ करून दर तीनेक सेकंदांस झटकन् श्वास घेतो. खुर्चीवर बसलेल्या मुलास मात्र भार जाणवतच नाहीं. श्वास रोखण्याचे कष्ट पडद्यावरील वैमानिकच त्याच्या वतीनें करितो. तेव्हां पडद्याच्या कडा व त्या वैमानिकाची धाप, एवढ्यावरूनच त्यानें सारें ओळखावयाचें असतें.

त्यासाठीं चार नियम पुरेत. दांडा हिसडूं नये, क्रमाक्रमानें ओढावा. कडा धूसर होतांच तो किंचित् सैल करावा, दृष्टि परततांच पुन्हां ओढावा. वेग फार असल्यास शत्रूच्या वळणांत हट्टानें न शिरतां वर चढून वेग उतरवावा व मग वळावें. आणि नाक एकाएकीं खालीं ढकलूं नये. तसला उलटा भार २-३ जी झाला तरी देहास सोसत नाहीं, व पडदा तांबडा होतो. खालीं जाणें असल्यास विमान उलथें करून दांडा ओढावा.

घरांतील वडील मंडळींनींही हें जाणून घ्यावें. ज्याच्या मनांत खडकवासल्याची प्रबोधिनी व पुढें वायुसेना आहे, त्या मुलास अंधारी बंद करून मिळविलेले विजय उपयोगीं पडणार नाहींत. यंत्र सोसेल तितकें देह सोसत नाहीं, हें त्यास आज घरच्या खुर्चींत सुखरूप शिकतां येतें. तो चिडून उठला तर त्यास रागें भरूं नये. दांडा किती लवकर ओढलास, एवढेंच विचारावें.