चैत्रातील आभाळ आणि आठवड्याचा अंदाज

फाल्गुन सरून चैत्र लागला की महाराष्ट्रात वसंत येतो, असे पंचांग सांगते. काव्यातील वसंत मात्र येथे फार दिवस टिकत नाही. सकाळी कोवळी पालवी, दुपारी रणरणते ऊन आणि सायंकाळी क्षितिजावर दाटून आलेले ढग, असा तीन ऋतूंचा खेळ एकाच दिवसात या काळी चालतो. त्यामुळेच 'येत्या आठवड्याचे हवामान' ही वृत्तपत्रातील लहानशी चौकट आता पूर्वीपेक्षा अधिक उत्सुकतेने वाचली जाते. परंतु ती नीट समजून घेतली जाते काय आणि तीनुसार काही आचरण घडते काय, हा खरा प्रश्न आहे.

या दिवसांतील हवामानाचे लहरीपण निष्कारण नसते. मार्चपासून द्वीपकल्पाची भूमी झपाट्याने तापू लागते. बंगालचा उपसागर आणि अरबी समुद्र यांवरून बाष्प आत येते. विदर्भ-मराठवाड्यापासून कर्नाटकमार्गे केरळपर्यंत कमी दाबाचा एक पट्टा अनेकदा निर्माण होतो व त्याच्या परिसरात भिन्न दिशांचे वारे एकमेकांना भिडतात. खाली तापलेली दमट हवा आणि वर थंड, कोरडी हवा असा योग जुळला, की दुपारनंतर ढगांचे उंचच उंच मनोरे उभे राहतात; विजा कडाडतात आणि प्रसंगी गाराही कोसळतात. उत्तर भारतावरून पुढे सरकणारा पश्चिमी विक्षोभ दक्षिणेकडे पुरेसा झुकला, तर या साऱ्याला अधिकच जोर चढतो.

असा योग जुळून येणार आहे, हे वेधशाळेला चार-पाच दिवस आधी बऱ्याच अंशी सांगता येते. तथापि गारांचा ढग नेमका कोणत्या गावावर फुटेल, हे दोन-तीन तास आधी, रडारवर तो दिसू लागल्यावरच सांगणे शक्य होते. काही किलोमीटर रुंदीचा आणि तासा-दोन तासांच्या आयुष्याचा हा ढग आठवडाभर आधी गाठता येत नाही. हा वेधशाळेचा हलगर्जीपणा नव्हे. वातावरणाचा तो स्वभावच आहे. म्हणूनच साप्ताहिक अंदाजातील पहिल्या दोन-तीन दिवसांना जे वजन द्यावयाचे, ते सहाव्या-सातव्या दिवसाला देता येत नाही.

गैरसमजाची सुरुवात होते ती शब्दांपासून. 'तुरळक ठिकाणी', 'काही ठिकाणी', 'बऱ्याच ठिकाणी' आणि 'बहुतांश ठिकाणी' हे शब्द शैलीसाठी वापरलेले नसतात. त्यांना ठरलेले मोजमाप आहे. 'तुरळक ठिकाणी' म्हणजे त्या विभागातील केंद्रांपैकी फार तर एक चतुर्थांश केंद्रांवर पाऊस. 'बहुतांश' म्हणजे तीन चतुर्थांशांहून अधिक. ज्या गावात थेंबही पडला नाही ते गाव अंदाज फसला म्हणते, आणि ज्या गावात शिवार झोडपले गेले ते गाव कोणी सांगितलेच नाही म्हणते. वस्तुतः एकच अंदाज या दोन्ही गावांच्या बाबतीत खरा ठरलेला असतो. रंगांच्या इशाऱ्यांचीही तीच गत आहे. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे सज्ज राहा आणि लाल म्हणजे कृती करा. हा अर्थ न सांगता केवळ रंग जाहीर केला, तर लोक प्रथम घाबरतात आणि पुढे त्याकडे दुर्लक्ष करू लागतात.

या दुर्लक्षाची किंमत मोठी असते. रब्बीचे वर्षभराचे कष्ट या काळात उघड्यावर असतात. गहू-हरभरा कापून खळ्यावर आलेला असतो. तासगाव, पंढरपूर भागांत शेडमध्ये बेदाणा वाळत असतो, सांगली-हिंगोलीकडे शिजवलेली हळद पसरलेली असते, नाशिक भागात काढलेला कांदा चाळीत जाण्याची वाट पाहत असतो आणि कोकणात हापूस झाडावर असतो. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधील गारपिटीने मराठवाडा, विदर्भ व उत्तर महाराष्ट्रात काय केले, हे शेतकरी विसरलेला नाही. २०१५ च्या अवकाळीनंतर नुकसानभरपाईसाठी किमान ५० टक्के हानीची अट ३३ टक्क्यांवर आणण्यात आली. हा दिलासा होता खरा. पण तो नुकसान झाल्यानंतरचा. अंदाजाचे मोल त्याआधीच्या चार दिवसांत आहे.

येथे एक साधा हिशेब ध्यानात घेतला पाहिजे. खळ्यावरील धान्यावर ताडपत्री टाकण्याचा खर्च अल्प असतो; म्हणून पावसाची शक्यता थोडी असली तरी ती टाकणे शहाणपणाचे. उलट, पुरते न पिकलेले पीक घाईने काढणे महागात पडते. ते शक्यता दाट असेल तरच करावे. म्हणजे एकाच अंदाजावर दोन शेतकऱ्यांनी दोन भिन्न निर्णय घेणे रास्त ठरू शकते. मात्र त्यासाठी 'पावसाची शक्यता' एवढ्या शब्दांवर भागणार नाही. शक्यता किती, हे आकड्यात कळले पाहिजे. अंदाज चुकल्याचा भुर्दंड अखेर अल्पभूधारकालाच सोसावा लागतो. त्याला निदान जोखीम मोजण्याचे साधन तरी मिळावे.

उन्हाच्या बाबतीतही आकड्याचे वाचन असेच अपुरे राहते. कमाल तापमान मैदानी भागात किमान ४० आणि किनारपट्टीवर किमान ३७ अंशांवर पोहोचल्यानंतरच, ते सरासरीपेक्षा किती अधिक आहे हे पाहून, उष्णतेची लाट ठरविली जाते. किनाऱ्यासाठी निकष वेगळा, कारण दमट हवेत घाम वाळत नाही आणि शरीर निवत नाही. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघर येथे भरदुपारी मोकळ्या मैदानावर झालेल्या शासकीय सोहळ्यानंतर उष्म्याच्या त्रासाने १४ जण दगावले. त्या परिसरात पारा चाळिशीच्या आतच होता. विदर्भात त्याहून अधिक ऊन नित्याचे आहे, अशी समजूत करून घेणाऱ्यांना या घटनेने दिलेला धडा कठोर होता.

शास्त्राच्या बाजूने प्रगती झालेली आहे. वेधशाळेचे मुख्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्यास आले आणि १९३२ मध्ये तेथेच कृषी हवामानशास्त्राचा स्वतंत्र विभाग सुरू झाला. मे २०२५ मध्ये कार्यान्वित झालेली, पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत विकसित झालेली भारत पूर्वानुमान प्रणाली सहा किलोमीटरच्या जाळीवर गणित मांडते. पूर्वीची जाळी बारा किलोमीटरची होती. राहुरी, अकोला, परभणी व दापोली येथील कृषी विद्यापीठांतून पीकनिहाय सल्लाही दिला जातो. उणीव आहे ती शेवटच्या टप्प्यात. पुण्याहून निघालेला अंदाज गावच्या चावडीवर पोहोचेतो त्यातील अर्थ गळून जातो आणि उरते ती केवळ बातमी.

ही उणीव भरून काढण्यास फार मोठा निधी लागेल असे नाही. ग्रामपंचायतीच्या फळ्यावर अंदाज सोप्या मराठीत, शक्यतेच्या आकड्यासह लिहिला जावा. बाजार समित्यांनी इशाऱ्याच्या दिवशी उघड्यावरील मालासाठी आच्छादनाची सोय ठेवावी. दुपारचे जाहीर कार्यक्रम आणि शाळांच्या वेळा इशाऱ्यानुसार बदलण्याचा अधिकार स्थानिक पातळीवर असावा. आणि भूगोलाच्या तासाला शिक्षकांनी त्या आठवड्याचा अंदाज वर्गात वाचून आठवड्याअखेरीस तो विद्यार्थ्यांकडून पडताळून घ्यावा. 'तुरळक' या शब्दाचा अर्थ शाळेत शिकलेला मुलगा घरी जाऊन तो वडिलांना सांगेल.

चैत्रातील आभाळावर कोणाची सत्ता चालत नाही. मात्र त्या आभाळाकडे पाहून वेळेवर ताडपत्री ओढणे हे माणसाच्या हातचे आहे. अंदाजाचा उपयोग तेवढाच असतो, आणि तेवढा झाला तरी पुष्कळ साधेल.