खंयसून इलास?

सुट्टी म्हणजे मॉल, हा आमच्या घरचा कायदा. यावेळी मडगावला आत्याकडे गेलो होतो म्हणून मोडला. बाबा म्हणाले, "शिरोड्याच्या बाजाराला जाऊया, ट्रेनने." लेक खूश! तिला कार्टूनमधलं धूर सोडणारं इंजिन हवं होतं. पण कोकण रेल्वे 1998 मध्ये पूर्ण झाली, तोवर कोळशाची इंजिनं रिटायर झाली होती. सावंतवाडीहून पुढे एसटी (ती मात्र हेरिटेज, शपथ!).

बाजारात सोलं, उकडे तांदूळ, सुकी सुंगटं आणि खडेमीठ. याच गावच्या मिठागरांवर 1930 मध्ये सत्याग्रह झाला. मी मात्र महागडं 'सी सॉल्ट' कौतुकाने घेते. मीठवालीने विचारलं, "खंयसून इलास?"

"मुंबई," मी म्हटलं.

"मी हयलोच गे बाये," बाबा म्हणाले, आणि दहा मिनिटं दोघं मालवणीत सुटले. लेक बघतच राहिली. तिचं इंग्लिश बिघडेल म्हणून घरात मालवणी नको, असं मीच त्यांना बजावलं होतं.

परतीच्या गाडीत ती म्हणाली, "आजोबा, 'इलास' म्हणजे?"

बाबांनी आधी माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर बघत बसले. मडगाव येईपर्यंत वीस शब्द झाले होते. मोजत होते ना!