पाटीवरील नांव आणि ताटांतील अन्न

शहरांतील साधें उपाहारगृह आमच्या इतकें अंगवळणीं पडलें आहे कीं, त्याच्याविषयीं अग्रलेख लिहावा असें सहसा कोणास वाटणार नाहीं. सकाळीं कामावर जाणारा कारकून कोपऱ्यावरच्या इराण्याकडे बनमस्का खातो, दुपारीं पेढीवरील गुमास्ता उडप्याकडे राइस-प्लेट मागवितो, सायंकाळीं विद्यार्थी मिसळीवर ताव मारतात. पैसे गल्ल्यावर पडतात आणि ज्याचा तो आपल्या वाटेनें जातो. परंतु सन २०२४ च्या जुलै महिन्यांत उत्तर प्रदेशांत जें घडलें, त्यामुळें ह्या साध्या व्यवहाराच्या मुळाशीं असलेलें एक मोठें तत्त्व पणास लागलें. तें तत्त्व केवळ त्या एका प्रांताचें नाहीं. मुंबई-पुण्याच्या प्रत्येक टेबलाशीं त्याचा संबंध आहे. म्हणून त्याचा विचार करणें आम्हांस अवश्य वाटतें.

घडलें तें असें. कावडयात्रेच्या मार्गावरील खाद्यपदार्थांच्या दुकानदारांनीं मालकाचें नांव दर्शनीं भागीं लावावें, असें प्रथम मुजफ्फरनगरच्या पोलिसांनीं फर्माविलें, व लौकरच तें फर्मान प्रांतांतील साऱ्या यात्रामार्गास लागू करण्यांत आलें. यात्रेकरूंच्या मनांत संशय राहूं नये व शांततेचा भंग होऊं नये, असें कारण देण्यांत आलें. दिनांक २२ जुलै २०२४ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें ह्या हुकुमास अंतरिम स्थगिती दिली. दुकानदारानें आपण कोणत्या प्रकारचें अन्न देतों हें सांगावें, परंतु मालकाचीं वा नोकरांचीं नांवें लावण्याची त्यावर सक्ती करतां येणार नाहीं, असा त्या हुकुमाचा आशय होता. पुढल्या वर्षीं तोच वाद दुकानावर लावावयाच्या क्यूआर कोडच्या रूपानें परत आला. त्या वेळीं, म्हणजे २२ जुलै २०२५ रोजीं, न्यायालयानें त्या वादांत न शिरतां, कायद्यानें लावावयाचा परवाना व नोंदणीपत्र दुकानदारांनीं लावावें एवढेंच सांगितलें.

येथें एक शंका पुष्कळांच्या मनांत येईल, व ती प्रामाणिक असल्यानें तिचें उत्तर देणें आमचें कर्तव्य आहे. ‘परवान्यावर मालकाचें नांव असतेंच, मग तेंच नांव पाटीवर मोठ्या अक्षरांनीं लिहिलें तर बिघडलें कोठें?’ ह्याचें उत्तर असें कीं, नांव तेंच असलें तरी तें कशासाठीं मागितलें जातें हें पाहिलें पाहिजे. सन २००६ चा अन्नसुरक्षा कायदा परवाना दुकानांत दिसेल असा लावावयास सांगतो. १ जानेवारी २०२२ पासून परवान्याचा वा नोंदणीचा चौदा आंकडी क्रमांक बिलावर छापणेंही आवश्यक झालें आहे. ह्या दोहोंचा हेतु एकच कीं, अन्न नासकें निघालें, तेल जळकें निघालें, कोणास विषबाधा झाली, तर जबाबदार कोण हें अधिकाऱ्यास व गिऱ्हाइकास तत्काळ कळावें. हें नांव दोषानंतर उपयोगास यावयाचें. पाटीवरील नांव मात्र दोष घडण्यापूर्वींच, किंबहुना दोष नसतांही, गिऱ्हाइकास परत फिरविण्याच्या कामीं येतें. तें नांव वाचून डाळींत मीठ किती आहे हें कळत नाहीं, भांडीं स्वच्छ विसळलीं कीं नाहीं हें कळत नाहीं. दुकानदार कोणाच्या पोटीं जन्मला एवढेंच कळतें. पहिलें नांव आरोग्याचें रक्षण करितें, दुसरें जन्माची चौकशी करितें. ‘पाणी पिऊन जात विचारूं नये’ असें आपल्याकडे म्हणतात. आतां पाणी पिण्याच्या आधींच जात विचारण्याची सोय सरकारी शाईनें व्हावी, ही प्रगति म्हणावी कीं परागति, हें वाचकांनींच ठरवावें.

ही चौकशी महाराष्ट्रास नवी नाहीं. सन १८९० मध्यें पुण्याच्या पंचहौद मिशनांत कांहीं प्रतिष्ठित गृहस्थ जमले असतां त्यांच्यापुढें चहा व बिस्किटें ठेवण्यांत आलीं. रानडे, टिळक, गोखले ह्यांचीं नांवें त्या मंडळींत होतीं. तेवढ्या चहावरून पुण्यांत ग्रामण्य माजलें, प्रकरण धर्मपीठापर्यंत गेलें आणि १८९२ सालीं खुद्द न्यायमूर्ति रानड्यांसही प्रायश्चित्त घ्यावें लागलें. हायकोर्टाच्या न्यायाधीशपदापर्यंत पोंचणाऱ्या पुरुषास एका पेल्याचा जाब द्यावा लागला, तर ज्यांच्या सावलीचाही विटाळ मानला जाई त्यांची स्थिति काय असेल? पुढें आगगाडीच्या स्टेशनांवर ‘हिंदु चहा’ आणि ‘मुसलमान चहा’, ‘हिंदु पाणी’ आणि ‘मुसलमान पाणी’ अशा आरोळ्या ऐकूं येत. नळ एकच असला तरी घागर फिरली कीं धर्म फिरत असे.

हा गड कोणी एका दिवसांत सर केला नाहीं. कोल्हापुरास छत्रपति शाहूमहाराजांनीं गंगाराम कांबळे ह्या अस्पृश्य गणलेल्या गृहस्थास चहाचें दुकान काढण्यास साह्य केलें. आणि केवळ पैसे देऊन ते थांबले नाहींत, तर स्वतः तेथें चहा पिऊन बरोबरच्या मंडळींसही तो पाजला. १९२२ सालीं महाराज निवर्तले, त्यापूर्वींची ही गोष्ट आहे. राजानें शंभर हुकूम काढले असते तरी जें झालें नसतें, तें भर रस्त्यावरील एका कपानें झालें. रत्नागिरीस १९३३ मध्यें सावरकरांच्या प्रेरणेनें अखिल हिंदु उपाहारगृह निघालें व तेथें जातीजातींतील पंक्तिभेदास छेद देण्यांत आला. त्या दाराची रुंदी नांवांतच सांगितलेली होती, सर्वांसाठीं तें नव्हतें, हेंही येथें नमूद केलें पाहिजे. परंतु सुधारणा करावयाची तर ती चुलीपासून व चहाच्या कपापासून करावी लागते, हें त्या काळच्या निरनिराळ्या मतांच्या पुढाऱ्यांनीं ओळखलें होतें.

मुंबईंत हें काम पुढाऱ्यांपेक्षां व्यापाऱ्यांनींच अधिक केलें, असें आमचें मत आहे. गिरणगांवांतील खाणावळी कामगारांस घरचें अन्न देत, त्यांचा पगार होईपर्यंत उधारीवरही जेवूं घालीत. त्या चालविणाऱ्या कष्टाळू बायकांची संघटना प्रेमा पुरव यांनीं १९७५ सालीं अन्नपूर्णा महिला मंडळाच्या रूपानें उभी केली. परंतु खाणावळ बहुधा आपल्या गांवची, आपल्या ओळखीची. तेथें कोण जेवतो हें सर्वांस ठाऊक असे. इराण्याच्या दुकानाची रीत निराळी होती. यझ्द, केरमान ह्या प्रांतांतून आलेल्या जरथुष्ट्री व मुसलमान इराण्यांनीं शहराच्या कोपऱ्यांवर संगमरवरी टेबलें व वांकविलेल्या लांकडाच्या खुर्च्या मांडल्या. धोबीतलावानजीकचें कयानी १९०४ चें, बॅलार्ड इस्टेटींतील ब्रिटानिया १९२३ चें. ह्या टेबलावर वकील, हमाल, कवि आणि दलाल एकमेकांशेजारीं बसले. कारण जागा रिकामी असेल तेथें बसावें एवढाच तेथला नियम होता. माटुंग्यास १९४२ सालीं ए. रामा नायक यांनीं उडपी श्रीकृष्ण बोर्डिंग काढलें. इडली-सांबाराची गोडी मराठी, गुजराथी, तामिळ सर्वांस सारखीच लागली. ह्या दुकानदारांपैकीं कोणी समतेवर व्याख्यान दिल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं. त्यांस धंदा करावयाचा होता, आणि धंद्यानें त्यांस शिकविलें कीं गल्ल्यावर पडलेल्या नाण्यास जात नसते. हेतु नफ्याचा असला म्हणून फळ कमी मोलाचें होत नाहीं.

व्यवहारानें जें मिळविलें त्यास २६ जानेवारी १९५० रोजीं अमलांत आलेल्या राज्यघटनेनें कायद्याचें कवच दिलें. घटनेचें १५ वें कलम बहुतेकांस सरकारपुरतें वाटतें. परंतु त्याचा दुसरा भाग नागरिकांच्या परस्पर व्यवहारासही लागू आहे. दुकानें, सार्वजनिक उपाहारगृहें व हॉटेलें ह्यांत प्रवेश करण्याच्या कामीं धर्म, वंश, जात, लिंग वा जन्मस्थान ह्यांवरून कोणाचीही अडवणूक करतां येत नाहीं. ह्या कलमावर २९ नोव्हेंबर १९४८ रोजीं घटनासभेंत चर्चा झाली, तेव्हां ‘दुकान’ हा शब्द आपण व्यापक अर्थानें योजला असल्याचें डॉ. आंबेडकरांनीं स्पष्ट केलें. त्याच दिवशीं अस्पृश्यतेस मूठमाती देणारें कलमही मंजूर झालें. पुढें १९५५ च्या कायद्यानें, ज्यास १९७६ पासून नागरी हक्क संरक्षण कायदा म्हणतात, उपाहारगृहांत येऊं न देणें हा गुन्हा ठरविलाच, शिवाय तेथील भांडीं वापरूं न देणें हाही अस्पृश्यतेच्या कारणावरून घडल्यास गुन्हा ठरविला. त्यास एक महिन्यापासून सहा महिन्यांपर्यंत कैद व वर दंड सांगितला आहे. असें असतांही चहाच्या दुकानांत कांहीं जातींसाठीं निराळे पेले ठेवण्याची चाल तामिळनाडूंत शिल्लक असल्याची दखल सर्वोच्च न्यायालयास २०११ मध्यें घ्यावी लागली, व ती चाल गुन्हा असल्याचें बजावावें लागलें. कायद्याचा कागद चांगला असला तरी तो आपोआप कपबशी धूत नाहीं.

आतां मुख्य मुद्द्याकडे येऊं. हे सर्व कायदे मुख्यतः गिऱ्हाइकाचें रक्षण करितात. दुकानदारानें गिऱ्हाइकाची जात विचारूं नये, हें त्यांनीं सांगितलें. परंतु गिऱ्हाइकानें आचाऱ्याची जात विचारूं नये, हें कोणता कायदा सांगणार? मनुष्यानें अमुक दुकानांत जेवलेंच पाहिजे अशी सक्ती करतां येत नाहीं, व करूंही नये. म्हणजे समतेच्या ह्या सौद्यांतील अर्धा भाग कायद्याच्या हातीं असून उरलेला अर्धा आमच्या-तुमच्या सदसद्विवेकाच्या हातीं आहे. जुन्या काळीं दुकानाच्या दारांत उभा राहणारा गरीब गिऱ्हाईक असे. आज त्याच दारांत परीक्षा द्यावयास चुलीपुढचा आचारी, पोऱ्या व मालक उभे केले जात आहेत. सरकारनें जर नांवाची पाटी लावविली, तर नागरिकाच्या मनांतील दुबळेपणास सरकारची साक्ष मिळते. आणि ज्याचें नांव ‘परकें’ वाटेल त्या नोकरास मालक नाइलाजानें घरीं पाठवितो. सचोटीनें पोळ्या लाटणाऱ्या हाताची रोजी एका अक्षरामुळें जाते. घटनेनें दिलेल्या व्यवसायस्वातंत्र्याचा असा अंत व्हावा, हें कोणत्याही देशाभिमान्यास रुचणार नाहीं.

शाकाहारी बंधूंची बाजू आम्ही विसरलों नाहीं. आपल्या ताटांत काय आहे हें जाणण्याचा त्यांस पूर्ण हक्क आहे. ‘शुद्ध शाकाहारी’ ही पाटी अन्नाविषयीं बोलते. ती खरी असावी, आणि खोटी निघाल्यास दुकानदारास शासन व्हावें. न्यायालयानेंही हीच मर्यादा आंखिली आहे. परंतु अन्नाची चौकशी कोठें संपते व माणसाची कोठें सुरू होते, ही रेषा फार बारीक आहे. मार्च २०२४ मध्यें झोमॅटो ह्या घरपोंच अन्न पुरविणाऱ्या कंपनीनें शाकाहारी जेवण पोंचविणाऱ्या नोकरांस हिरवा गणवेश देण्याचें जाहीर केलें. लाल गणवेशाच्या पोराकडे वस्तींतील लोक संशयानें पाहतील, कदाचित् त्यास दारांतूनच घालवितील, अशी टीका होतांच कंपनीनें एका दिवसांत निराळ्या गणवेशाचा बेत रद्द केला. भाजी कोणत्या पिशवींतून आली हा प्रश्न किती लौकर पिशवी धरणाऱ्याच्या अंगास चिकटतो, ह्याचा हा धडा आहे.

आमच्या व्यापारी वाचकांस आमचें सांगणें असें कीं, आपली पत आपल्या मालावर असूं द्या. परवाना दर्शनीं लावा, दरपत्रक स्वच्छ अक्षरांत लिहा, गिऱ्हाइकानें म्हटल्यास मुदपाकखाना दाखवा. ज्याचें तेल ताजें आहे त्यास आडनांवाचा टेकू लागत नाहीं. आज पाटीवर दुसऱ्याचें नांव वाचून गिऱ्हाईक तुमच्याकडे वळेल, उद्यां तुमचें नांव वाचून तिसऱ्याकडे जाईल. आणि बाजारपेठ फुटून पेठांच्या पुन्हा जातवार गल्ल्या होतील. त्यांत शेवटीं कोणाचाच धंदा वाढत नाहीं.

नागरिकांस आमची विनंति ह्याहून सोपी आहे. जेवावयास बसतांना चव पहा, भांडें पहा, बिल पहा. निराळा पेला कोठें दिसला तर गप्प बसूं नका. तो ठेवणें गुन्हा आहे हें दुकानदारास सांगा, आणि तो ऐकेनासा झाला तर पोलिसांत तक्रार द्या. मालकाचें नांव मात्र पोटदुखी झाली तरच शोधा. बरोबर बसून जेवूं न शकणारे लोक बरोबर राज्यकारभार करूं शकतील, असें आम्हांस वाटत नाहीं. आणि कोपऱ्यावरचें उपाहारगृह दहा-वीस रुपयांच्या चहांत ही संवय आम्हांस रोज लावीत आहे. ती मोडूं न देणें आपल्या हातीं आहे.