विश्लेषण : एक हेक्टर ऊस म्हणजे ८०० माणसांचे वर्षभराचे पाणी! गावाचा ‘पाण्याचा ताळेबंद’ काय सांगतो?

पाऊस संपला, विहिरी तुडुंब दिसू लागल्या, की रब्बीत काय पेरायचे याची चर्चा पारावर सुरू होते. बहुतेक गावांत हा निर्णय ज्याचा त्याचा असतो. काही गावांत मात्र आधी पावसाचा हिशेब मांडला जातो आणि मग पेरणी ठरते. फेब्रुवारीत टँकर मागवायचा की नाही, हे बऱ्याचदा ऑक्टोबरमधल्या या हिशेबावर ठरते.

पाण्याचा ताळेबंद म्हणजे काय?

एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस पडला, की १० हजार लिटर पाणी मिळते. समजा, गावाचे क्षेत्र १००० हेक्टर, लोकसंख्या १००० आणि पाऊस ४०० मिलिमीटर. म्हणजे पडले ४०० कोटी लिटर. आकडा मोठा वाटतो. पण त्यातले बरेचसे वाहून जाते, वाफ होते किंवा मातीच्या ओलाव्यात राहते. दहा टक्के मुरले असे धरले, तर भूजलात ४० कोटी लिटर जमा.

आता खर्च. जलजीवन मिशनच्या निकषाप्रमाणे माणशी रोज ५५ लिटर, म्हणजे गावाला वर्षाला सुमारे दोन कोटी लिटर. जनावरांसाठी एक कोटी ठेवू. शेतीसाठी उरले ३७ कोटी. उसाला साधारण २००० मिलिमीटर पाणी लागते. त्यातले ४०० पावसाने दिले, तरी हेक्टरी १ कोटी ६० लाख लिटर उपसावे लागते. तेवढ्यात सुमारे ८०० माणसांची वर्षाची गरज भागते. म्हणजे हजार हेक्टरच्या गावात जेमतेम २३ हेक्टर ऊस झाला, की शिल्लक शून्य. ज्वारी-हरभऱ्यासारख्या पिकांना ३०० मिलिमीटर धरले, तर त्याच पाण्यात १२० हेक्टरहून अधिक रब्बी निघते. हे आकडे ढोबळ आहेत. जमीन आणि सिंचनपद्धतीप्रमाणे ते बदलतात, पण प्रमाण फारसे बदलत नाही.

एकट्याने पाणी वाचवून का भागत नाही?

याचे उत्तर खडकात आहे. महाराष्ट्राचा सुमारे ८० टक्के भूभाग बेसाल्टचा. या खडकात पाणी साठते ते भेगांत आणि झिजलेल्या थरात, साधारण एक ते तीन टक्के जागेत. दोन टक्के धरले तर एक हेक्टरखालील भूजल पातळी एक मीटर उतरते, तेव्हा हाती येते फक्त दोन लाख लिटर. म्हणून इथल्या विहिरी एका पावसात भरतात आणि तितक्याच झपाट्याने तळ गाठतात.

शिवाय भेगा बांध ओळखत नाहीत. एकाने हरभरा पेरून पाणी राखले आणि शेजाऱ्याने ४०० फुटांचे बोअर मारले, तर राखलेले पाणी शेजाऱ्याच्या उसाला जाते. नियम पाळणारा तोट्यात जात असेल, तर पुढच्या वर्षी तोही बोअरची गाडी बोलावणारच.

हिवरे बाजारने वेगळे काय केले?

अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारचे नाव निघाले, की बंधारे आणि समतल चर यांची चर्चा होते. पण ती कामे इतरत्रही झाली. पोपटराव पवार १९८९ मध्ये सरपंच झाल्यानंतर गावाने चराईबंदी, कुऱ्हाडबंदी स्वीकारली. पुढे सिंचनासाठी बोअर घ्यायचे नाही, ऊस-केळी लावायची नाही, हेही ठरवले. गावात पाऊस मोजला जातो, ग्रामसभेत ताळेबंद मांडला जातो आणि पाऊस कमी असेल त्या वर्षी पिके बदलली जातात. पाणी अडवणे सोपे असते, कारण त्यात कुणाचे काही जात नाही. उपसा रोखणे कठीण.

‘जलयुक्त शिवार’ इथेच अडखळले. ९ हजार ६०० कोटींहून अधिक खर्च होऊनही भूजल पातळी वाढवण्यात फारसे यश आले नाही, असा ठपका ‘कॅग’ने २०२० मध्ये ठेवला. शेततळ्यांचेही तसेच. पावसाचे पाणी धरायला निघालेली योजना. प्रत्यक्षात प्लास्टिक अंथरलेली अनेक तळी विहिरीतून उपसून भरली जातात. सामाईक भूजल खासगी टाकीत जाते आणि उन्हाने उडते ते वेगळेच. ठिबकने पाणी वाचते हे खरे, पण वाचलेल्या पाण्यावर आणखी एकर वाढवला तर हिशेब तिथेच येतो.

कायदा ग्रामसभेच्या बाजूने आहे का?

अर्धाच. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यानुसार जमिनीखालचे पाणी उपसण्याचा हक्क जमीनमालकाचा. महाराष्ट्राच्या २००९ च्या भूजल अधिनियमाने याला लगाम घालण्याचा प्रयत्न केला. ६० मीटरपेक्षा खोल विहिरींवर बंधने, पाणलोट पातळीवर समित्या, पीक आराखडा अशा तरतुदी त्यात आहेत. पण कायदा लागू व्हायला २०१४ उजाडले आणि नियमांचा मसुदा आला २०१८ मध्ये. केंद्राच्या ६ हजार कोटींच्या ‘अटल भूजल’ योजनेने महाराष्ट्रासह सात राज्यांत ग्रामपंचायतींना ताळेबंद मांडायला लावले, मात्र पीक बदलण्याची सक्ती त्यात नाही.

शेतकऱ्याची बाजूही आहे. उसाला एफआरपी आहे, कारखाना तोडणी करून नेतो. हरभऱ्याला हमीभाव जाहीर होतो, पण खरेदी केंद्र वेळेवर सुरू होईल याची खात्री नसते. ग्रामसभेत ‘ऊस नको’ म्हणून हात वर करणाऱ्याला हरभरा कोणत्या भावाने जाईल, हे ऑक्टोबरमध्ये ठाऊक नसते.