कार्बन बाजाराची खरी कसोटी नोंदवहीत

जानेवारी २०११ मध्ये प्राग येथील चेक प्रजासत्ताकाच्या राष्ट्रीय उत्सर्जन नोंदणी कार्यालयात बॉम्ब ठेवल्याचा दूरध्वनी आला आणि इमारत रिकामी करण्यात आली. बॉम्ब सापडला नाही. मात्र दुसऱ्या दिवशी एका कंपनीच्या खात्यातील सुमारे ४ लाख ७५ हजार उत्सर्जन परवाने नाहीसे झाल्याचे उघडकीस आले. अन्य काही देशांच्या नोंदवह्यांमधूनही परवाने चोरीला गेल्याचे स्पष्ट होताच १९ जानेवारी रोजी युरोपीय आयोगाने सर्व राष्ट्रीय नोंदवह्यांमधील हस्तांतरण थांबविले. जगातील तत्कालीन सर्वांत मोठ्या कार्बन बाजाराचे रोखीचे व्यवहार एका हिशेबवहीच्या दारात अडले.

भारताची कार्बन क्रेडिट व्यापार योजना प्रत्यक्ष अंमलबजावणीच्या टप्प्यावर असताना या घटनेचे स्मरण प्रस्तुत ठरते. कार्बन बाजाराची चर्चा बहुधा दराभोवती फिरते. दर टनाला किती रुपये मिळतील, उद्योगांवर किती भार पडेल, हे प्रश्न स्वाभाविक आहेत. परंतु ज्या वस्तूला दर मिळणार ती वस्तू डोळ्यांना दिसत नाही, गोदामात साठविता येत नाही. न सोडलेल्या वायूचा एक टन अस्तित्वात असतो तो केवळ एका नोंदीच्या रूपाने. शेतजमिनीच्या व्यवहारात सातबाराचे जे स्थान, ते येथे नोंदवहीचे. फरक एवढाच की, जमीन उताऱ्याविनाही जागेवर असते. कार्बन क्रेडिट नोंदीविना कुठेच नसते.

भारतात या व्यवस्थेची कायदेशीर चौकट टप्प्याटप्प्याने उभी राहिली. ऊर्जा संवर्धन कायद्यात २०२२ मध्ये झालेल्या दुरुस्तीने केंद्र सरकारला कार्बन क्रेडिट व्यापार योजना आखण्याचा अधिकार दिला. २८ जून २०२३ रोजी ऊर्जा मंत्रालयाने योजना अधिसूचित केली आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये बंधन नसलेल्या घटकांनाही प्रकल्पांद्वारे क्रेडिट मिळविण्याची मुभा देण्यात आली. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो ही योजनेची प्रशासक, केंद्रीय विद्युत नियामक आयोग व्यापाराचा नियामक आणि ग्रिड कंट्रोलर ऑफ इंडिया ही नोंदवहीची धारक संस्था, अशी कामाची वाटणी आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये पर्यावरण मंत्रालयाने सिमेंट, ॲल्युमिनियम, क्लोर-अल्कली आणि लगदा व कागद या चार क्षेत्रांतील २८२ कारखान्यांसाठी उत्सर्जन तीव्रतेची उद्दिष्टे निश्चित केली. त्यांपैकी १८६ कारखाने सिमेंटचे आहेत. २०२३-२४ हे आधारवर्ष असून २०२५-२६ आणि २०२६-२७ ही पहिली दोन अनुपालन वर्षे आहेत.

या योजनेचे एक वैशिष्ट्य नोंदवहीचे काम अधिक नाजूक करते. युरोपात एकूण उत्सर्जनाला कमाल मर्यादा असते आणि तेवढेच परवाने आधी निर्माण केले जातात. भारताने विकासाच्या गरजा ध्यानात घेऊन एकूण उत्सर्जनाऐवजी दर टन उत्पादनामागील उत्सर्जनावर उद्दिष्ट बेतले आहे. त्यामुळे किती प्रमाणपत्रे निर्माण होतील, हे वर्ष संपून हिशेब तपासला गेल्यावरच कळते.

समजा, एखाद्या कारखान्याला दर टन उत्पादनामागे ०.६० टन उत्सर्जनाचे उद्दिष्ट आहे. त्याचे वार्षिक उत्पादन २० लाख टन झाले आणि उत्सर्जन प्रतिटन ०.५८ राहिले, तर त्याला ४० हजार प्रमाणपत्रे मिळतील. मोजणीत अवघ्या एका शतांशाची चूक होऊन ०.५८ ऐवजी ०.५७ अशी नोंद झाली, तर प्रमाणपत्रे ६० हजार होतील. जास्तीच्या २० हजार प्रमाणपत्रांमागे एका किलोचीही घट झालेली नसेल. तरीही त्यांना अनुक्रमांक मिळेल, खाते मिळेल, भावही मिळेल. न वापरलेली प्रमाणपत्रे पुढील काळासाठी राखून ठेवण्याची सोय असल्याने ही चूक पुढच्या वर्षांतही वाहत जाईल.

अशी चूक बाजार स्वतःहून पकडेल, ही अपेक्षा येथे फोल आहे. सोने खोटे निघाले तर घेणारा तक्रार करतो. कार्बन क्रेडिट पोकळ निघाले तरी विकणाऱ्याला पैसे मिळालेले असतात आणि घेणाऱ्याचे अनुपालन पूर्ण झालेले असते. दोघांचीही काही तक्रार नसते. नुकसान होते ते व्यवहाराबाहेरच्यांचे. प्रामाणिकपणे नवी भट्टी किंवा नवे तंत्रज्ञान आणून उत्सर्जन घटविणाऱ्या कारखान्याला पोकळ प्रमाणपत्रांच्या पुरवठ्यामुळे कमी भाव मिळतो आणि ज्या वातावरणासाठी हा सारा खटाटोप, त्यात घट होतच नाही. म्हणूनच नोंदवही केवळ खातेदारांसाठी असून चालत नाही. ती तिसऱ्यालाही वाचता आली पाहिजे.

युरोपचा अनुभव या दृष्टीने बोलका आहे. तेथील प्रत्येक देशाची स्वतंत्र नोंदवही होती आणि सुरक्षेचे निकष समान नव्हते. २००८-०९ मध्ये मूल्यवर्धित कराचा भरणा न करता परवाने फिरविणाऱ्या टोळ्यांनी सुमारे ५ अब्ज युरोंचा महसूल बुडविल्याचा अंदाज युरोपोलने व्यक्त केला होता. डेन्मार्कच्या नोंदवहीत पुरेशा ओळख पडताळणीविना उघडलेली शेकडो खाती नंतर बंद करावी लागली. २०१० मध्ये हंगेरीने, कंपन्यांनी अनुपालनासाठी एकदा जमा केलेली क्रेडिट पुन्हा विकली. क्योटो कराराच्या नियमांत ते बसत होते. पण तीच क्रेडिट युरोपीय बाजारात परतताच गोंधळ उडाला आणि काही विनिमय केंद्रांना व्यवहार थांबवावे लागले. वापरलेले तिकीट फाडून न टाकता पुन्हा खिडकीवर विक्रीस ठेवावे, तसा तो प्रकार होता.

चोरीनंतर आणखी एक प्रश्न पुढे आला. चोरीचा परवाना ज्याने सद्भावनेने विकत घेतला, त्याचा हक्क कोणता? इंग्लंडच्या उच्च न्यायालयाने २०१२ मध्ये अशा एका प्रकरणात परवाना ही मालमत्ता असल्याचे मान्य करून मूळ मालकाला खरेदीदाराकडून भरपाई मिळवून दिली. त्याच वर्षी युरोपीय महासंघाने राष्ट्रीय नोंदवह्यांमधील खाती एका केंद्रीय नोंदवहीत एकवटली. व्यापार सुरू होऊन सात वर्षे उलटल्यानंतर सुचलेले हे शहाणपण होते. भारताने प्रारंभापासूनच एक राष्ट्रीय नोंदवही ठेवली, ही त्यामुळे जमेची बाजू म्हणावी लागेल.

देशापाशी अनुभवाचीही उणीव नाही. खोटे आणि सदोष कागदी शेअर हा भांडवली बाजाराचा जुना रोग होता. १९९६ च्या डिपॉझिटरी कायद्यानंतर मुंबईत नॅशनल सिक्युरिटीज डिपॉझिटरीची स्थापना झाली आणि कागदाची जागा खात्यातील नोंदीने घेतली. ऊर्जा बचतीच्या ‘पॅट’ योजनेतील प्रमाणपत्रांची नोंद ठेवण्याचे कामही ग्रिड कंट्रोलरच्या पूर्वावतारानेच सांभाळले.

मात्र त्या योजनेने एक धडाही दिला. तिचे पहिले चक्र मार्च २०१५ मध्ये संपले, तर प्रमाणपत्रांचा व्यापार सप्टेंबर २०१७ मध्ये सुरू झाला. सुमारे ३८ लाख प्रमाणपत्रे दिली गेली. त्यांपैकी जेमतेम एकतृतीयांश विकली गेली. पडताळणी आणि नोंद यांना विलंब झाला की कारखान्याच्या लेखी प्रमाणपत्राचे मोल उरत नाही. नव्या योजनेत उद्दिष्ट न गाठणाऱ्या आणि तेवढी प्रमाणपत्रेही जमा न करणाऱ्या कारखान्याला व्यापार चक्रातील सरासरी दराच्या दुप्पट पर्यावरण भरपाई द्यावी लागणार आहे. ती आकारण्याचे काम केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे आहे. ही तरतूद परिणामकारक ठरायची, तर कोणत्या कारखान्याकडून किती प्रमाणपत्रे येणे बाकी आहे, हे नोंदवहीतून वेळेत आणि निर्विवादपणे दिसले पाहिजे.

या हिशेबाकडे देशाबाहेरूनही पाहिले जाणार आहे. युरोपीय महासंघाची कार्बन सीमा समायोजन यंत्रणा १ जानेवारी २०२६ पासून प्रत्यक्ष आर्थिक भाराच्या टप्प्यात आली. पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट, खते आदी मालावर उत्पादक देशात कार्बनसाठी प्रत्यक्ष मोजलेली किंमत वजा करून घेण्याची तीत तरतूद आहे. ती किंमत खरोखर मोजली गेली, याचा पुरावा नोंदवहीतील नोंदींवाचून उभा राहू शकत नाही. दुसरीकडे, पॅरिस कराराच्या सहाव्या कलमानुसार एखादी घट परदेशाला विकली, की विकणाऱ्या देशाने ती आपल्या हिशेबातून वगळायची असते. अशा व्यवहारांसाठी प्रत्येक सहभागी देशाला नोंदवही आवश्यक असून तिच्याविषयीचे नियम २०२४ मध्ये बाकू परिषदेत पूर्णत्वास गेले. भारताने ऑगस्ट २०२५ मध्ये जपानशी संयुक्त क्रेडिट यंत्रणेचा करार केला आहे. २०३० पर्यंत उत्सर्जन तीव्रता २००५ च्या तुलनेत ४५ टक्क्यांनी घटविण्याच्या स्वतःच्या वचनात आणि परदेशी विकलेल्या क्रेडिटमध्ये एकच टन दोनदा मोजला जाऊ नये, याची राखण नोंदवहीलाच करावयाची आहे.

क्योटो काळात भारत प्रकल्पांच्या संख्येने चीनखालोखाल होता. तथापि त्या क्रेडिटची मूळ नोंद जर्मनीतील बॉन येथे, संयुक्त राष्ट्रांच्या हवामान सचिवालयाच्या नोंदवहीत होत असे. आता वहीही आपली आणि तिच्या खरेपणाची जबाबदारीही आपली.

त्यासाठी काही गोष्टी अपरिहार्य ठरतात. प्रत्येक प्रमाणपत्राला कायमचा अनुक्रमांक हवा. एकदा अनुपालनासाठी जमा झालेले प्रमाणपत्र पुन्हा कोणत्याही मार्गाने बाजारात येता कामा नये. एकाच सौर प्रकल्पाने अक्षय ऊर्जा प्रमाणपत्र, परदेशी खासगी संस्थेचे क्रेडिट आणि भारतीय प्रमाणपत्र अशा तीन ठिकाणी एकाच घटीचा मोबदला घेऊ नये, म्हणून या नोंदवह्या परस्परांशी ताडून पाहिल्या जाव्यात. पडताळणी करणाऱ्या संस्थेचे नाव आणि तिच्या निष्कर्षाचा गोषवारा नोंदीसोबत खुला असावा. व्यापारी गुपिते जपूनही कोणत्या कारखान्याला किती प्रमाणपत्रे मिळाली, कोणी किती जमा केली आणि कोण मागे राहिले, हे नागरिक, संशोधक व स्पर्धक कारखान्यांना पाहता आले, तर जी तक्रार खरेदीदार आणि विक्रेता कधीच करणार नाहीत, ती करणारे कोणीतरी असेल.

युरोपने नोंदवहीचे महत्त्व चोरी झाल्यावर ओळखले. भारतात पहिल्या अनुपालन वर्षाची प्रमाणपत्रे जमा होतील, तेव्हा बाजाराचे लक्ष दराच्या फलकावर असेल. त्यामागील वहीत लिहिलेला प्रत्येक टन खरा आहे काय, यावर मात्र त्या दराचा अर्थ अवलंबून राहील.